कथा-कट्ट्याला बायका येईनाशा का होतात?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. मुंबईत साकीनाक्याच्या एका गणेशोत्सव मंडळाकडे समाजमंदिराची खोली आहे. आसपासच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, नेपाळ आणि मराठवाड्यातून गेल्या दोन-चार वर्षांत आलेल्या बायकांसाठी मंडळाने रविवारी दुपारी वर्ग सुरू केला. पहिला तास 'आपली गोष्ट सांगा', दुसरा तास शिवण, मशीन तीन. पहिल्या रविवारी २७ जणी आल्या, पाचव्या रविवारी ६. आता मंडळात दोन तट पडलेत. काही म्हणतात, त्यांना रसच नाही, बंद करा. काही म्हणतात, हजेरी लावा, मराठी सक्तीची करा, शेवटी सर्टिफिकेट द्या. शिवाय गोष्टींचे व्हिडिओ काढून गणपतीत पडद्यावर दाखवायचे आहेत. तर काय करावं?

रस नाही हे मला पटत नाही. रस नसता तर पहिल्याच दिवशी २७ जणी घरचं काम टाकून आल्या नसत्या. आधी साधा हिशोब करा. तीन मशीन, २७ जणी, एक तास. एकीच्या वाट्याला सात मिनिटंसुद्धा मशीन येत नाही. त्यात बॉबिन भरणं आणि दोरा ओवणं गेलं की टाका घालायला उरतात चार मिनिटं. एवढ्यासाठी दोन तास कोणी का काढावेत? आणि त्या सात मिनिटांच्या आधी तासभर अनोळखी माणसांसमोर स्वतःबद्दल बोलायचं. तुमच्या वर्गाची खरी अडचण मला इथे दिसते. काही मिळण्याआधी तुम्ही बायकांकडून काहीतरी मागताय, आणि मागताय तेही सर्वात अवघड. गोष्ट ही प्रवेश फी झाली आहे. ती सक्तीची करून किंवा हजेरी लावून वसूल होणार नाही.

यातलं बरंच वस्तीवर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. सगळ्यात जास्त वेळेवर. रविवारी दुपारी नवरा आणि मुलं घरी असतात, स्वयंपाक दुप्पट होतो, पाहुणे येतात. आपल्याला सुट्टी असते म्हणून तो दिवस आपल्याला सोयीचा वाटतो. धुणीभांडी करणाऱ्या बायका साधारण दुपारी एक-दोनला घरी येतात आणि पाचला पुन्हा निघतात. त्यांच्यासाठी मधल्या वारची अडीच ते चार ही वेळ सोन्यासारखी असते. पण तुमच्या गल्लीत पाणी साडेतीनला येत असेल तर तीही गेली. गाळ्यात धागा कटिंगला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, घरी बसून बिंदी पॅकिंग करणाऱ्यांचं त्याहून वेगळं. म्हणून उरलेल्या सहा जणींना आणि न येणाऱ्यांपैकी दहा जणींना दोनच प्रश्न विचारा: पाणी कधी येतं आणि मुलं शाळेतून कधी सुटतात. 'तुम्हाला कोणती वेळ चालेल?' असं विचारू नका. त्याला 'कोई भी' हेच उत्तर येतं. आणि हो, शिवण शिकवणाऱ्या ताई डोंबिवली किंवा पनवेलहून येत असतील तर रविवारच्या मेगाब्लॉकचा विचार त्यांच्या बाजूनेही करा.

वर्षाचाही विचार हवा. एप्रिल-मे गावचे. दिवाळीआधी गेलेल्या बिहारच्या बायका छठ आटोपूनच परततात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्या महिन्यात दुपारची बैठक ठेवू नये. त्यामुळे अखंड चालणारा वर्ग मुंबईत गळतोच आणि गळती दिसली की उरलेल्याही येत नाहीत. आठ बैठकांची एक तुकडी करा. एक जूनअखेर सुरू होऊन गणपतीच्या आधी संपणारी, दुसरी छठनंतर सुरू होऊन जानेवारीत संपणारी. तुकडी बारा जणींची, फार तर चौदा. त्याहून जास्त आल्या तर दुसरा वार द्या, खोली भरू नका.

आता गोष्टींचं. हात रिकामे असले की माणूस बोलताना अवघडतो, नजर कुठे ठेवावी कळत नाही. हातात काम असलं की नजर कामावर राहते आणि बोलणं आपोआप निघतं. म्हणून क्रम उलटा करा: आधी हातकाम, त्यातच गोष्ट, मशीन नंतर. हातकाम म्हणून मी डोळे मिटून गोधडी सुचवेन. कारण ती कोणालाच शिकवावी लागत नाही. मराठवाड्यातल्या बाईला वाकळ येते, पूर्व उत्तर प्रदेशातलीला कथरी, बिहारचीला सुजनी, बंगालचीला कांथा. सगळ्यांचा पाया एकच, जुनं मऊ सुती कापड आणि धावदोरा. पहिल्याच दिवशी खोलीतल्या प्रत्येकीला काहीतरी येत असतं आणि मंडळाच्या ताई शिकवणाऱ्या न राहता शेजारी बसणाऱ्या होतात. हा फरक लहान नाही.

माप असं ठेवा. प्रत्येकीला ९ इंचांचा चौकोन, वरचा थर आवडीचा, आत जुन्या साडीचे दोन थर, खाली एक. चारही बाजूंनी अर्धा इंच शिलाईत जातो, म्हणजे तयार चौकोन ८ इंचांचा. बारा चौकोन तीन बाय चार मांडले की २४ बाय ३२ इंचांचं दुपटं होतं, बाळंतिणीच्या घरी लगेच उपयोगी पडणारं. धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर. दोन बैठकांत एक चौकोन होतो, तिसरीत जोडणी, चौथीत कडा. यात काय बिघडतं ते आधीच सांगतो. साड्या धुऊन घेतल्या नाहीत तर तयार दुपटं पहिल्या धुण्यात आटतं आणि लाल-निळा रंग शेजारच्या चौकोनात उतरतो. खळ असलेली साडी चार थरांत सुईला दाद देत नाही, सुई वाकते. बारीक सुया देऊ नका; जाड, मोठ्या नेढ्याच्या द्या, चष्मा नसलेल्या बायकांनाही ओवता येतात. नायलॉनमिश्रित साडी आत घालू नका, थर सरकतात. आणि जुलैत कापड ओलं ठेवलं तर समाजमंदिरात कुबट वास महिनाभर जात नाही, म्हणून साड्या मेमध्येच धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवा.

बैठक दीड तासाची पुरते. पहिली दहा मिनिटं येण्या-बसण्याची, चहा लगेच. शेवटी ठेवला तर निम्म्या जणी न घेताच निघतात. मग चाळीस मिनिटं शिवता शिवता बोलणं, पंचवीस मिनिटं कामाची एखादी गोष्ट शिकणं, उरलेला वेळ मशीनसाठी नावं लावणं आणि आवराआवर. मशीनचा सराव त्या दीड तासात कोंबू नका. तीन मशीनवर दोन-दोन जणी अशा सहा जणींची तासाभराची पाळी वेगळ्या दिवशी लावा. मग एकीला अर्धा तास सलग मशीन मिळतं, आणि हात बसायला तेवढं लागतंच.

बोलायला प्रश्न कोणता द्यायचा यावर निम्मं यश आहे. 'गाव का सोडलं?' हा प्रश्न पहिल्या चार बैठकांत नको. त्याच्या उत्तरात कर्ज असतं, भाऊबंदकी असते, कधी मारहाण असते, आणि आपल्याला त्या घराची काहीच माहिती नसते. लहान आणि वस्तूला चिकटलेले प्रश्न विचारा. कुर्ला टर्मिनसला उतरलात की दादरला? पहिल्या रात्री काय जेवलात? गावाहून आणलेली कोणती वस्तू अजून घरात आहे? मुंबईत कोणत्या गोष्टीला पहिल्यांदा घाबरलात? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा लोकलचा डबा, रस्ता ओलांडणं किंवा सार्वजनिक संडासाची रांग ही उत्तरं येतात, हशा पिकतो, आणि त्या हशानंतर बायका एकमेकींशी बोलायला लागतात. सुरुवात इथल्या बाईने करावी. साकीनाक्यातल्या मराठी घरांपैकी किती घरं दोन पिढ्यांमागे कोकणातून किंवा घाटावरून आली, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या ताईंनी आपल्या सासूची मुंबईतली पहिली खोली सांगितली की 'आम्ही' आणि 'तुम्ही' यातलं अंतर कमी होतं.

एकेकीला तीन-चार मिनिटं पुरतात. गोल फिरून पाळी लावू नका, पाळी जवळ येताना माणूस ऐकणं सोडून घाबरतो. जिला बोलायचं ती बोलेल, गप्प बसून शिवणाऱ्या दोघी-तिघी राहतीलच, त्यांना राहू द्या. भोजपुरी, मैथिली, बांगला, ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोलू द्या. वाक्यावाक्याला कोणी हिंदी करून सांगायला लागलं की गोष्ट मोडते. पूर्ण बोलून झाल्यावर दुसऱ्या एखादीने चार वाक्यांत सार सांगावं.

मुंबईला हे काही नवीन नाही. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या होत्या, गोव्याच्या लोकांचे धोबीतलाव-माझगावकडे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक बिऱ्हाडं, होते. नवा आलेला माणूस आधी तिथे पथारी टाकायचा, जेवायचा, मग कोणाच्या तरी ओळखीने कामाला लागायचा. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं, तेव्हा सुरुवात त्या बायकांना आधीच येत असलेल्या कामापासून आणि सावकाराच्या कर्जापासून झाली, भाषणांपासून नाही. तुमच्या तुकडीलाही हाच क्रम मानवेल.

पंचवीस मिनिटांच्या 'कामाच्या गोष्टी'बद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बायका टिकतात त्या याच्यामुळे. कसोटी एकच: आज शिकलेलं येत्या आठवड्यात वापरता आलं पाहिजे. शिवणाचा उपयोग सहा महिन्यांनी होतो, तोवर धीर धरायला काहीतरी छोटं हातात पडायला हवं.

उदाहरणार्थ रेशन. गावच्या अन्नसुरक्षा कार्डावर नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल तर आपल्या वाट्याचं धान्य इथल्या रेशन दुकानातही घेता येतं, आणि गावी राहिलेल्यांना त्यांचा वाटा तिथे मिळतो. पुष्कळ बायकांना वाटतं की इथे घेतलं तर गावचं बंद होईल. तसं नाही. अडचणी येतात त्या दुसऱ्याच. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेलं नसतं, किंवा भांडी-धुणी करून बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि दुकानातलं यंत्र अंगठा घेत नाही. हात कोरडे करून बाकीची बोटं लावून बघायला सांगा, बरेचदा एखादं चालतं. एका बैठकीत 'मेरा राशन' ॲपवर प्रत्येकीचं कार्ड बघून घ्या. दुसऱ्या बैठकीत ई-श्रम. १६ ते ५९ वयाच्या, पीएफ-ईएसआय नसलेल्या असंघटित कामगारांसाठी ही नोंदणी आहे, ती फुकट आहे. कोणी त्याचे शंभर-दोनशे मागत असेल तर देऊ नका, हेही सांगा. नाक्यावर बांधकामाला जाणाऱ्या असतील तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. त्यासाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तोच मिळणं सर्वात कठीण असतं, म्हणून ठेकेदाराचं नाव आणि तारखा वहीत टिपायची सवय आतापासूनच लावा.

आणि मराठी. सक्ती केलीत तर उरलेल्या सहाही जातील. गंमत म्हणजे बायकांना मराठी हवीच असते. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. पोर पालिकेच्या हिंदी किंवा उर्दू माध्यमाच्या शाळेत असलं तरी मराठीचा गृहपाठ घरी येतोच, आणि आईला तो वाचता येत नाही. तिथून सुरुवात करा. बाराखडी गिरवून घेण्यापेक्षा दहा वाक्यं पक्की करा: केसपेपर कुठे काढायचा? पुढची तारीख कधी आहे? ह्या चिठ्ठीत काय लिहिलंय, वाचून दाखवाल का? माझा नंबर आधी होता. सुट्टे नाहीत, उद्या देते. हिंदी येणाऱ्यांना देवनागरी ओळखीची असते, त्यामुळे 'ळ' आणि जोडाक्षरं सोडली तर पाट्या वाचायला त्यांना फार वेळ लागत नाही. बांगला वाचणाऱ्यांना अक्षरापासून सुरुवात करावी लागते, त्यांना वेगळं बसवा.

शिवणाचं एक आधी ठरवा: घरी बसून फॉल-पिको, फिटिंग, ब्लाऊज करायचेत की कारखान्यात लागायचंय? घरकामासाठी तुमची पायमशीन चालतील. कारखान्यात जुकी, म्हणजे विजेवर चालणारी कारखानी मशीन असते, तिचा वेग आणि पायाचा अंदाज पूर्ण वेगळा. पायमशीनवर सहा महिने शिकलेली बाई जुकीवर पहिल्या दिवशी दोरा तोडत बसते आणि ठेकेदार तिला परत पाठवतो. त्यामुळे कारखान्याकडे कल असेल तर एक सेकंडहँड जुकी मिळवा किंवा जवळच्या गाळ्यात दुपारच्या सुट्टीत सराव करू देतील का ते विचारा. दोन्हींच्या सुया वेगळ्या असतात, एका डबीत टाकू नका. शिकाऊ वर्गात दोरा तुटतो तो बहुतेक वेळा ताण जास्त असल्याने, सुईची चपटी बाजू उलट बसल्याने किंवा स्वस्त दोऱ्याने. दोरा चांगला घ्या, पैसे वाचवायचे तर चहाच्या कपांवर वाचवा.

याच्या इतकंच महत्त्वाचं म्हणजे नगाच्या भावाचा हिशोब. घरी पीसवर्क करणाऱ्या बायकांना दिवसाला किती मिळाले ते माहीत असतं, तासाला किती ते नाही. घड्याळ लावून बारा नग करायला सांगा. समजा डझनाला १२ मिनिटं लागली, म्हणजे तासाला ५ डझन. भाव डझनाला ३ रुपये असेल तर तासाचे १५ रुपये. त्यातून दोरा, वीज, माल आणायला-पोचवायला गेलेला वेळ वजा करा. हा आकडा एकदा स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिला की कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं नाकारायचं हे बाई स्वतः ठरवते. चार-पाच जणींनी मिळून एकाच ठेकेदाराला भाव विचारला तर तो बदलूही शकतो, पण तो निर्णय त्यांचा. मंडळाने मध्ये पडू नये, माल बंद झाला तर भोगतात त्याच.

मुलांची सोय नसेल तर वर सांगितलेलं सगळं फुकट आहे. त्याच खोलीत कोपऱ्यात सतरंजी, एक जबाबदार मुलगी, खडू आणि ठोकळे. मशीनपासून लांब, कात्र्या उंचावर. दोन वर्षांखालची आईच्या मांडीवरच राहतात, तेवढं धरून चाला.

व्हिडिओंबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या गणपतीत दाखवू नका. समोर फोन धरल्यावर बाई नाही म्हणत नाही, कारण खोली तुमची आहे आणि मशीनही तुमचं आहे. त्याला संमती म्हणत नाहीत. ज्या वस्तीत ती राहते त्याच वस्तीत, पाचशे लोकांसमोर, घरमालक आणि ठेकेदारासमोर तिची गोष्ट पडद्यावर येणार, त्याचे परिणाम मंडप सुटल्यावर तिलाच निस्तरावे लागतात. पुढे कधी करायचंच असेल तर दोनदा विचारा. रेकॉर्ड करण्याआधी, आणि रेकॉर्ड केलेलं तिला ऐकवून आठवड्याने पुन्हा. कशासाठी वापरणार, नाव घालायचं का, चेहरा दाखवायचा का, हे प्रत्येक वेळी वेगळं विचारायचं. होकार मागे घेतला तर कारण विचारायचं नाही. गणपतीत काही मांडायचंच आहे तर दुपटं मांडा, आणि तेही बायकांनी ठरवलं तर.

याला जोडूनच: नोंदवहीत नाव आणि फोन एवढंच लिहा. आधारची झेरॉक्स गोळा करू नका, मूळ गाव आणि पत्ता विचारू नका. बांगला बोलणाऱ्या बायकांवर आपल्याकडे किती पटकन संशय घेतला जातो हे वेगळं सांगायला नको, आणि त्यात पश्चिम बंगालमधल्याच असंख्य जणी भरडल्या जातात. नेपाळी नागरिकांना १९५०च्या करारानुसार इथे राहायची आणि काम करायची मुभा आहे, तरी त्यांनाही हे प्रश्न होतात. कोण कुठली हे तपासणं शिवणवर्गाचं काम नाही, आणि तुमची वही उद्या कोणाच्या हाती पडेल हे तुमच्या हातात नाही.

कधीतरी एखादी गोष्ट जड निघेल. तेव्हा 'रडू नका' म्हणू नका आणि सगळ्यांनी मिळून सल्लेही देऊ नका. पाणी द्या, एक ताई तिच्याबरोबर बाहेर ओट्यावर बसेल, बाकीच्यांनी शिवणं चालू ठेवावं. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइनचा १८१, मनाला फारच त्रास असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवेत. मात्र लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती गुपित ठेवता येत नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पुढचा मार्ग सांगतात. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, अपवाद फक्त मुलांच्या सुरक्षेचा.

सर्टिफिकेट मंडळाच्या शिक्क्याचं देऊन उपयोग नाही, कारखान्यात ते कोणी बघत नाही, तिथे मशीनवर बसवून बघतात. कागद हवाच असेल तर जन शिक्षण संस्थान या केंद्र सरकारच्या कौशल्य-प्रशिक्षण योजनेच्या लोकांशी बोला. ही योजना मुळात श्रमिक विद्यापीठ म्हणून १९६७मध्ये मुंबईत वरळीलाच सुरू झाली. कमी शिकलेल्या, १५ ते ४५ वयाच्या लोकांसाठी आहे आणि वस्तीत येऊनही वर्ग घेतात. तुमची बारा जणींची जमलेली तुकडी असेल तर बोलणी सोपी जातात.

येत्या आठवड्यात एवढंच करा. रविवारचा वर्ग थांबवा, उरलेल्या सहा जणींच्या घरी जाऊन पाण्याची आणि शाळेची वेळ विचारा, त्यावरून मधला एक वार ठरवा आणि प्रत्येकीला सोबत एक शेजारीण आणायला सांगा. निरोप व्हॉइस नोटने पाठवा, लिहिलेला वाचला जात नाही. ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही, तेव्हा समोर उभं राहून सेव्ह करून घ्या. आणि फोन तिचा आहे की नवऱ्याचा, ते आधी विचारा. नवऱ्याचा असेल तर निरोपात फक्त वार आणि वेळ सांगा, बाकी काही नको.